‘तब्येत सुधारली’ म्हणजे काय झाले?

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून गावी येतो. त्याच्या गालांवर मांस चढलेले, शर्टाची बटणे ताणलेली. आजी त्याच्या पाठीवरून हात फिरवून समाधानाने म्हणते, “तब्येत सुधारली हो तुझी!” तोच नातू चार महिने व्यायाम करून सडपातळ होऊन आला, तर तिचा जीव कासावीस होतो. “वाळलास रे! खायला मिळत नाही का तिकडे?” वजन वाढले की प्रकृती सुधारली आणि वजन घटले की प्रकृती ढासळली, असा हा आपल्या घराघरांतील हिशोब आहे. ‘खात्यापित्या घरचा’ हे विशेषणही स्थळ पाहताना आजही कौतुकानेच उच्चारले जाते.

या हिशोबाला हसण्याचे कारण नाही. तो समाजाच्या अनुभवातून आलेला आहे. अहमदनगर जिल्ह्याच्या, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगरच्या, ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, तिने जामखेड, कर्जत, पाथर्डी, पारनेरच्या माळांवर खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. परदेशातून आलेल्या मायलोच्या भाकरीही तिने गोड मानून घेतल्या. ज्याच्या अंगावर मांस आहे तो पुढचा उन्हाळा पाहील, हे त्या पिढीला पुस्तकातून शिकावे लागले नाही. अंगावरील चरबी ही तिच्या लेखी अडीअडचणीची ठेव होती.

परंतु काळ बदलला. जिल्ह्याच्या उत्तर भागात १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदऱ्याच्या धरणाने प्रवरेचे पाणी शेतात नेले. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून १९५० साली लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. उसाबरोबर पैसा आला आणि शिक्षणही आले. दक्षिणेच्या कोरडवाहू तालुक्यांतही हळूहळू रस्ते आणि वीजपंप पोहोचले. मोट गेली, पायवाट गेली. दोन कोसांवरच्या शेतावर पायी जाणारा माणूस आता मोटारसायकलवर जातो. कष्ट निम्म्याने कमी झाले, ताट मात्र कष्टकऱ्याचेच राहिले आणि त्यात चहासोबतच्या खारी-फरसाणाची भर पडली. अडचणीसाठी जमवलेली ठेव खर्च करण्याची वेळ आता येतच नाही आणि तिचे व्याज शरीर रक्तदाबाच्या रूपाने भरते.

हा संबंध नुसत्या तर्काचा नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावात १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांच्या हृदयाची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत वाढते वजन आणि वाढता रक्तदाब यांची सांगड स्पष्टपणे मांडली गेली. त्यामागील शरीरव्यापारही आता बराचसा उलगडला आहे. शरीराचा पसारा वाढला की त्याला पुरवायचे रक्त वाढते आणि हृदयाला अधिक जोराने काम करावे लागते. पोटातील चरबी मूत्रपिंडांवर दाब आणते, रक्तवाहिन्या आवळणारी द्रव्ये निर्माण करण्यास हातभार लावते आणि इन्सुलिनचे काम बिघडवते. परिणामी, जे मीठ लघवीवाटे बाहेर पडायचे ते शरीरात साठते आणि आपल्याबरोबर पाणीही धरून ठेवते. गळ्याभोवतीच्या चरबीने झोपेत श्वास अडखळतो. घरातील मंडळी ज्या घोरण्याची थट्टा करतात, ते पुष्कळदा याच आजाराचे लक्षण असते.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे पंगतीला बसलेल्या दर चार-पाच जणांपैकी एक. दुर्दैवाने हा विकार दुखत नाही, खुपत नाही. अनेकांना त्याची पहिली बातमी मिळते ती पक्षाघाताच्या दिवशीच.

“आमच्याकडे कोणी लठ्ठ नाही,” असे म्हणून सुटका करून घेणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन लक्षात घ्यावे. त्यांनी आणि जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याने २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपल्या दोघांचेच उदाहरण मांडले. उंचीच्या तुलनेत दोघांचे वजन तंतोतंत सारखे, परंतु शरीरातील चरबी इंग्रजाची ९.१ टक्के आणि भारतीयाची २१.२ टक्के! दिसायला किरकोळ भारतीय देह आतून चरबीदार असू शकतो. याज्ञिक यांच्या मते याचे मूळ मातेच्या कुपोषणापर्यंत जाते. दुष्काळ सोसलेल्या आणि नंतर सुबत्ता पाहिलेल्या आपल्या प्रदेशाने यावर गांभीर्याने विचार करायला हवा. म्हणूनच केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. शिंप्याची फीत कमरेभोवती धरावी. पुरुषांचा घेर ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर ती सूचना समजावी.

यावर उपाय आहे आणि तो हाताबाहेरचा नाही. २००३ साली पंचवीस चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र अभ्यासले गेले. वजन सरासरी एक किलोने घटले की रक्तदाब सुमारे एका अंकाने उतरतो, असे त्यातून दिसले. पाच किलोंची घट म्हणजे लहान लाभ नव्हे. याचा अर्थ गोळी सोडावी असा मुळीच नाही. वैद्यकीय सल्ल्यावाचून गोळी बंद करणे हा जिवाशी खेळ आहे. परंतु “गोळी चालू आहे ना, मग वाढा आणखी एक पुरणपोळी” ही वृत्तीही तितकीच घातक आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लठ्ठपणाला आळसाचे प्रमाणपत्र समजून कोणाची हेटाळणी करू नये. आनुवंशिकता, अपुरी झोप, बैठे काम, मानसिक ताण असे अनेक धागे त्यात गुंतलेले असतात. आणि वजनाचा प्रश्न एकट्या व्यक्तीचा नसतोच. तो घराचा असतो. सर्वांत शेवटी जेवणारी गृहिणी ‘वाया जाऊ नये’ म्हणून पातेल्यातील उरलेसुरले संपवते आणि त्याला कोणी जेवण म्हणतही नाही. सार्वजनिक कामात असलेला कार्यकर्ता दिवसभरात सहा घरी जातो; सहा ठिकाणी चहा, तीन ठिकाणी पोहे, रात्री उशिरा आग्रहाचे जेवण. नाही म्हटले तर यजमानाचा अपमान, हो म्हटले तर देहाचा. मग पन्नाशीत ऐन अनुभवाच्या काळात तो अंथरुणाला खिळतो, आणि त्याची उणीव संस्थेला तर भासतेच, घराला त्याहून अधिक भासते.

आशेची जागाही याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून तयार झाल्या. ज्यांनी आधी बालमृत्यू आणि कुपोषणाशी झुंज दिली, त्यांनीच पुढे रक्तदाब मोजण्याचे यंत्रही हाताळले. अक्षरओळख नसलेली स्त्री हे करू शकते, तर पदवीधर कुटुंबांनी घरात एक रक्तदाबमापक आणि एक फीत ठेवून दरमहा नोंद करणे अवघड का वाटावे?

आपल्या परंपरेलाही हे परके नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोन्ही देहांचा स्वतंत्र विचार आहे आणि त्या दोहोंत कृश बरा असा कौलही आहे. त्या काळी रक्तदाब मोजण्याचे साधन नव्हते. ते १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रॉची यांनी दिले. निरीक्षण मात्र आपल्याकडे होते.

आता गरज आहे ती आग्रहाची दिशा बदलण्याची. वाढणाऱ्या हाताने एकदाच विचारावे आणि पाहुण्याच्या नकाराचा मान राखावा. पापड-लोणच्याचे मीठ मोजावे, घरातील गृहिणीने सर्वांबरोबर बसून जेवावे, रोज अर्धा तास सर्वांनी मिळून चालावे. आणि पुढच्या सुट्टीत नातवाचा कमरपट्टा एक भोक आत गेलेला दिसला, तर आजीने निःशंक मनाने म्हणावे, “तब्येत सुधारली हो तुझी!”