टर्बो गेला, की इंजिनाचा श्वास कोंडला?

चोर्ला घाट चढून गाडी वर आली, मागून निळसर धूर दिसला, टर्बोच्या पाइपात ऑइल सापडलं, की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "टर्बो गेला." कधीकधी तो खरंच गेलेला असतो. पण रीमॅप केलेल्या, बूस्ट वाढवलेल्या गाड्यांत अनेकदा टर्बो चांगला असतो आणि दोष खाली क्रँककेसमध्ये असतो. नवा टर्बो बसवला तरी महिन्या-दोन महिन्यांत तोच धूर परत येतो, आणि मग पहिला पगार, दुसरा पगार, बाबांकडून उसने, असं सगळं त्यात जातं. म्हणून या वेळी क्रँककेसच्या श्वासाबद्दल.

उद्यमबागेत ज्यांच्या घरचं कुणी मशीनवर उभं राहिलं आहे, त्यांना क्रँकशाफ्ट सांगायला नको. तो ज्या पोकळीत फिरतो तो क्रँककेस. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळत्या वायूचा थोडा अंश त्यांच्या कडेने खाली निसटतोच. याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते, आणि खाली आल्यावर ऑइलचे बारीक कण मिसळतात. सिलिंडरमधला दाब वाढला की निसटणारा वायूही वाढतो. बूस्ट वाढवता तेव्हा हेही वाढवत असता, फक्त रीमॅपच्या जाहिरातीत ते लिहिलेलं नसतं.

हा वायू बाहेर पडला नाही तर दाब साचतो आणि ऑइल सीलमधून वाट काढतो. टर्बोचं दुखणं मात्र वेगळंच आहे. टर्बोच्या बेअरिंगला ऑइल दाबाने मिळतं, पण परत संपमध्ये ते फक्त उतारावरून, आपल्या वजनाने येतं. खाली क्रँककेसमध्ये दाब असेल तर ते उतरत नाही. टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून एकीकडे इनटेकमध्ये, दुसरीकडे सायलेन्सरकडे जातं. धूर येतो तो असा. टर्बो बिचारा निर्दोष.

पूर्वी हा वायू नळीने सरळ रस्त्यावर सोडत. कॅलिफोर्नियात धुरक्याचा त्रास वाढल्यावर 1961 सालच्या मॉडेलपासून तिथल्या नव्या गाड्यांत तो परत इंजिनात ओढून जाळायची सोय आली. तीच पीसीव्ही. साध्या पेट्रोल इंजिनात हे सोपं असतं, कारण थ्रॉटलच्या मागे इनटेक मॅनिफोल्डमध्ये बहुतेक वेळ पोकळी असते आणि ती वायू ओढून घेते. टर्बो गाडीत बूस्ट आला की त्याच मॅनिफोल्डमध्ये पोकळीऐवजी दाब असतो. म्हणून तिथे दोन वाटा ठेवतात. आयडलला आणि हलक्या पायाने चालवताना वायू मॅनिफोल्डमध्ये जातो. बूस्टमध्ये एक चेक व्हॉल्व्ह ती वाट बंद करतो आणि वायू दुसऱ्या नळीने एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधे जातो, जिथे टर्बो हवा ओढत असतो. हा चेक व्हॉल्व्ह लटकला तर बूस्टची हवा उलटी क्रँककेसमध्ये घुसते. शेकडा रुपयांचा भाग, आणि हजारोंचं नुकसान!

एवढी चांगली सोय असताना लोक तिला हात का लावतात? कारण परत जाणाऱ्या वायूबरोबर ऑइलही जातं. इंटरकूलरच्या पाइपात पातळसा ओलेपणा असणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. जास्त ऑइल मात्र इंधनाची नॉकिंग सहन करायची ताकद कमी करतं, आणि बूस्ट वाढवलेल्या इंजिनाला नेमकं तेच परवडत नाही. शिवाय पोलो जीटीच्या टीएसआयसारख्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे चिकटलेलं ऑइल धुतलं न जाता काजळी होऊन बसतं. ती काढायला काही ठिकाणी अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारतात. हो, अक्रोडाच्याच.

इथे कॅच कॅन येतो. वायूच्या वाटेत एक डबा, त्यात आडवे पडदे किंवा जाळी. ऑइल तिथे अडकून खाली बसतं आणि वायू पुढे जातो. मात्र आत जाळी नसलेला चकचकीत डबा म्हणजे नुसता डबा. वीस-पंचवीस हजारांच्या सामानाच्या यादीत स्वस्तात मिळतो म्हणून घेतात, आणि बारीक नळ्यांनी जोडतात. नळी बारीक झाली की श्वास आणखी कोंडला. मूळ नळीपेक्षा अरुंद काहीही लावू नका, आणि दोन्ही वाटा राखणारा, चेक व्हॉल्व्ह जागेवर ठेवणारा कॅनच बघा. डबा एक्झॉस्टपासून लांब, थंड जागी हवा.

दुसरा प्रकार तरुण मंडळींचा आवडता: नळ्या काढायच्या, डब्यावर छोटा फिल्टर बसवायचा, वायू मोकळा हवेत. रेसमध्ये हे चालतं म्हणून आपल्यालाही चालेल, असा समज. रेसच्या नियमांत खुल्या ब्रीदरच्या गाडीला कॅच टँक सक्तीचा असतो. एफआयएच्या नियमांत दोन लिटरपर्यंतच्या इंजिनाला किमान 2 लिटरचा, त्याहून मोठ्याला 3 लिटरचा. पण तो ट्रॅकवर ऑइल सांडून मागच्याची गाडी घसरू नये म्हणून. इंजिनाचं आयुष्य वाढवायला नाही. शिवाय ते इंजिन दर काही तासांनी उघडलं जातं.

रोजच्या गाडीत खुला ब्रीदर म्हणजे ओढच गेली. वायू फक्त साचलेल्या दाबाने बाहेर ढकलला जातो, आणि शहरातल्या हळू चालीत पाण्याची वाफ, पेट्रोल ऑइलमध्येच मुरत राहतं. सिग्नलला थांबलात की वास एसीतून आत. मागे आजी बसली असेल तर प्रतिक्रिया मिळेलच. मॅनिफोल्डची नळी नीट बंद केली नाही तर सेन्सरला न कळलेली हवा आत जाऊन मिश्रणही बिघडतं. आणि भारत स्टेजच्या नियमांत पेट्रोल गाडीच्या क्रँककेसचा वायू बाहेर सोडायला परवानगीच नाही. पीयूसीत हे पकडलं जात नाही, कारण तिथे फक्त सायलेन्सरच्या टोकाशी मोजतात. म्हणून ते कायदेशीर होत नाही.

एक्झॉस्टमध्ये नळी जोडून ओढ मिळवायची युक्ती ड्रॅग रेसच्या गाड्यांतून आली. टर्बोच्या आधी एक्झॉस्टमध्ये प्रचंड दाब असतो, पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर अडवतात. आपल्या कामाची नाही. पट्ट्यावर चालणारा व्हॅक्यूम पंप रेसवाल्यांसाठी ठीक.

माझं मत विचाराल तर स्टॉक गाडीला काहीच लावू नका, पीसीव्ही तपासून घ्या. रीमॅप असेल तर चांगला बंद कॅच कॅन लावा. आणि दोन्हींच्या आधी एक तपासणी फुकट आहे: इंजिन आयडलला असताना ऑइल भरायचं झाकण जपून सैल करा. किंचित ओढ किंवा हलकी धडधड जाणवली तर ठीक. झाकण निघता निघत नसेल, शिट्टी ऐकू येत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलेला असू शकतो. फस्सकन धूर वर आला, ज्याला मेकॅनिक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर एक तर वाट तुंबली आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत. मग कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्ट करून घ्या. झिजलेल्या रिंगांना कॅच कॅन लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं.

कॅन लावलाच तर पहिल्या हजार किलोमीटरला उघडून बघा, मग किती दिवसांनी रिकामा करायचा ते कळेल. आपल्याकडच्या पावसात, त्यातही टिळकवाडी ते कॅम्प एवढ्याच फेऱ्या असतील, तर आत दुधाळ पिवळा द्रव निघेल. बहुतेक वेळा ते ऑइलमध्ये फेटलं गेलेलं वाफेचं पाणी असतं. कूलंट कमी होत नसेल तर हेड गॅस्केट गेलं म्हणून धावत सुटू नका. तो द्रव इंजिनात परत ओतायचा नाही, गटारातही नाही. गॅरेजमध्ये वापरलेल्या ऑइलचं पिंप असतं, त्यात द्यायचा.