पैसा आमचा, मत कुणाचे?

प्रति,
मा. अध्यक्ष आणि विश्वस्त,
केंद्रीय विश्वस्त मंडळ, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली



ऑगस्ट २०१५ पासून आमच्या पीएफचा काही भाग आपण ईटीएफमार्फत, म्हणजे निर्देशांकातल्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडांमार्फत, शेअर बाजारात लावता. नव्या जमेच्या ५ टक्क्यांपासून सुरुवात झाली, २०१७ मध्ये ते १५ टक्के झाले. अशा एका निर्देशांकाच्या, निफ्टीच्या, यादीत बजाज ऑटोही आहे. म्हणजे वाळूजला तिचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यातल्या हेल्परचाही थोडा पैसा तिच्या शेअरमध्ये आहे. आपल्याला हे ठाऊक आहेच. त्याला कुणी सांगितले?

शेअरबरोबर मत येते. संचालक कोण, त्यांना पगार किती, हे त्या मतांवर ठरते. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या सभेत व्यवस्थापकीय संचालक सिद्धार्थ लाल यांची फेरनियुक्ती आणि पगार एकाच विशेष ठरावात मांडले होते. हवी होती ७५ टक्के मते, मिळाली ७३ च्या आसपास. ठराव पडला. पगाराची मर्यादा खाली आणून कंपनीला पुन्हा भागधारकांच्या दारात यावे लागले. आयशर तेव्हा निफ्टीत होती. त्या दिवशी आमच्या पैशाचे मत कोणत्या बाजूला गेले? आपण फंडांना कधी विचारलेत का?

‘मत फंड देतात’ हे उत्तर कृपया देऊ नका. सेबीने १ एप्रिल २०२२ पासून म्युच्युअल फंडांना प्रत्येक ठरावावर मतदान सक्तीचे केले. मत कुठे दिले आणि का, हेही त्यांना जाहीर करावे लागते. ते इंग्रजी तक्ते वाळूजच्या कामगाराने शोधून वाचावेत, अशी अपेक्षा आहे काय? एवढी मोठी रक्कम देताना ‘मत असे द्या’ असे फंडांना बजावण्याचा अधिकार आपण कधी वापरलात?

नोव्हेंबर २०१७ मध्ये आपल्याच मंडळाने ईटीएफची युनिट सभासदाच्या खात्यात दाखवण्यासाठी हिशेबाची पद्धत मंजूर केली होती. आज पासबुक उघडा. कामगाराचा हिस्सा, मालकाचा हिस्सा, पेन्शन. युनिटचा रकाना कुठे आहे?

मंडळावर मालकांचे १० प्रतिनिधी आहेत, कामगारांचेही १०. मालकांच्या प्रतिनिधींना मताची किंमत वेगळी सांगायला नको. आमच्या प्रतिनिधींनी हा विषय अजेंड्यावर आणावा.

पुढच्या बैठकीत मतदानाचे धोरण ठरवा. आमच्या पैशावर दिलेल्या प्रत्येक मताचा हिशेब दरवर्षी मराठीतून द्या, आणि २०१७ चा शब्द कधी पाळणार त्याची तारीख लेखी कळवा.

आपला,
वाळूज औद्योगिक वसाहतीतील एक पीएफ सभासद,
छत्रपती संभाजीनगर