ज्ञानगंगा घरोघरी, पण घरात जागा कोठे?

१९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. दारिद्र्यामुळे वा लग्नामुळे ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली, अशा प्रौढांना पदवीचे दार उघडून देण्याची त्याची कामगिरी थोडीथोडकी नव्हे. २०१७ साली केंद्राने सुरू केलेले ‘स्वयम्’ आणि पाठोपाठ आलेले ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम यांमुळे ही गंगा आता हातातल्या मोबाइलपर्यंत येऊन ठेपली आहे. प्रश्न उरतो तो घराचा.

घर म्हणजे विसाव्याचे ठिकाण, ही पुरुषाची व्याख्या झाली. पदवीसाठी नाव घातलेल्या अंगणवाडी सेविकेला घर ही कामाची दुसरी पाळी असते. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूचे औषधपाणी आटोपून ती रात्री दहा वाजता व्याख्यान लावते. ते पुन्हा पुन्हा ऐकता येते, ही सोय खरी. परंतु अडलेली शंका विचारायला समोर कोणी नसते, आणि घरात मोबाइल एकच असेल तर मुलाच्या परीक्षेचा हक्क आधीचा ठरतो. अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्राला जाण्यात एस.टी.चे भाडे आणि एक रजा खर्ची पडे. तरीही त्या दोन तासांत ती कोणाची सून नसून विद्यार्थिनी असे, आणि शेजारच्या बाकावर तिच्यासारखीच दुसरी कोणी असे. पडद्याने प्रवास वाचवला, तसे घराबाहेर पडण्याचे हे निमित्तही हिरावून घेतले.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीत ग्रामीण भागातील जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. त्यानंतर मोबाइल पुष्कळ पसरला. पण मोबाइलवर व्याख्यान ऐकणे निराळे आणि त्याच्या वीतभर पडद्यावर पंधरा पानांचा स्वाध्याय सिद्ध करणे निराळे. अभ्यास सुटलेल्या प्रौढाच्या नावावर जिद्दीचा अभाव तेवढा मांडला जातो; कारखान्याची फिरती पाळी वा परीक्षेच्या दिवशी नाकारलेली रजा यांची नोंद कोणी ठेवत नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामगारांसाठी रात्रशाळा काढली, तेव्हा शिकणाऱ्याच्या वेळेशी शिक्षकाने जुळवून घेतले होते. आज वीज, डेटा, जागा आणि जागरण, सारा भार शिकणाऱ्याच्याच माथी आहे.

म्हणून ऑनलाइनच्या नावाखाली तालुक्याची अभ्यासकेंद्रे खर्चिक ठरवण्याचा मोह शासनाने टाळावा. तेथे संगणक हवेत, संध्याकाळी सातनंतर बसणारा मार्गदर्शक हवा, रविवारी दारे उघडी हवीत. परीक्षेची पगारी रजा हीदेखील मालकाची मेहेरबानी राहता कामा नये. कामगार संघटनांनी पुढच्या मागणीपत्रात महागाई भत्त्याच्या शेजारीच तिला स्थान द्यावे.