दारापुढची टाळी

२०१९ च्या सप्टेंबरात मुलाकडे अमेरिकेला, युटा राज्यात, तीन महिने राहून आले. बॅगेत बेळगावचा कुंदा होताच. त्यातला थोडा शेजारच्या घरी दिला, आणि दुसऱ्या दिवशी डबा परत करायला त्यांचा वीस वर्षांचा मुलगा आला. मी चहा टाकायला निघाले, तर म्हणाला, "चहा नको." ते मॉर्मन. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य. मग लिंबू सरबत केलं.

दोन महिन्यांपूर्वीच तो ब्राझीलहून परतला होता. त्यांच्याकडे बरीच मुलं अठराव्या वर्षी धर्मप्रचाराला निघतात. २०१२ पर्यंत हे वय एकोणीस होतं. दोन वर्षं पगार नाही, उलट खर्च घरचा. कुठं जायचं ते चर्च ठरवतं. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि सोबत कायम एक जोडीदार.

"आठवडा कसा जायचा रे?" मी विचारलं.

सोमवार सुट्टीचा. म्हणजे कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी ई-मेल. आईशी बोलणं मात्र वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. २०१९ च्या फेब्रुवारीत नियम बदलला, तेव्हा कुठं दर आठवड्याला फोन करता येऊ लागला. मंगळवारपासून पहाटे साडेसहाला उठून व्यायाम, वाचन, आणि मग दिवसभर पायपीट. तिथं दार वाजवत नाहीत, फाटकाबाहेर उभं राहून टाळ्या वाजवतात. बहुतेक फाटकं उघडतच नाहीत. दुपारचं जेवण चर्चच्या एखाद्या कुटुंबाकडे, भात आणि घेवड्याची उसळ. कुणी प्रेमानं कॉफी पुढं केली की नाही म्हणताना जीव जायचा. मध्येच कुणाचं घर रंगवून द्यायचं, कुणाचं परसू साफ करायचं. रविवारी प्रार्थना. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचा उपवास, तोही साबुदाण्याविना!

धर्म बदला म्हणत दारी येणाऱ्यांविषयी माझ्या मनात अढी आहे. तसं त्याला स्पष्ट सांगितलंही. तो रागावला नाही. म्हणाला, "तुमच्यासारखेच पुष्कळ भेटले."

मग त्यानं एक फजिती सांगितली. पोर्तुगीजमध्ये 'आव्हॉ' म्हणजे आजी आणि 'आव्हो' म्हणजे आजोबा. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका म्हातारीला आदरानं "आजोबा" म्हणून हाक मारली. म्हातारी पोट धरून हसली. धर्म तिनं शेवटपर्यंत बदलला नाही, पण ती दर गुरुवारी दोघांना बोलावून त्याचे उच्चार सुधारून द्यायची. "तिच्यामुळं भाषा आली," तो म्हणाला.

तो गेला आणि मला माझीच लाज वाटली. आमची सूनबाई धारवाडची. भाजीवालीशी मी कानडीत घासाघीस करते, पण विहीणबाईंशी दहा वर्षं हिंदीत बोलत आले. त्यांचं मराठी कच्चं, माझं कानडी कच्चं. चूक झाली तर हसतील, ही दोघींनाही भीती. एक अठरा वर्षांचं पोर परक्या देशात रोज पन्नास फाटकांपुढं चुकत उभं राहतं, आणि मला दोन तासांवरच्या धारवाडशी बोलायचं धाडस होत नव्हतं.

परत आल्यावर पहिल्याच सोमवारी फोन लावला. "ऊटा आतेनरी?" पलीकडे क्षणभर शांतता. मग भडाभडा कानडी. निम्मं कळलं. शेवटी मी विचारलं, "बेळगाविगे यावाग बर्ती?"

विहीणबाई खो खो हसल्या. 'बर्तीरी' म्हणायचं होतं. मी त्यांना सरळ अगं-तुगं केलं होतं.

"इरली बिड्री," त्या म्हणाल्या. असू दे.

तेव्हापासून सोमवारचा फोन कधी चुकला नाही. आता त्याही मराठीत चुकतात, आणि मी हसते.