तो कामगार नव्हता, साहेब

चेन्नईच्या पोस्टिंगला आता दोन वर्षं होत आली. इथला मोठा पाऊस आपल्यासारखा जूनमध्ये येत नाही, दिवाळीच्या आगेमागे येतो. पहिल्या वर्षी त्या पावसात माझ्या ऑफिसातला हवालदार रजेचा अर्ज घेऊन समोर उभा राहिला. जत तालुक्यातला गडी, अठरा वर्षं सर्व्हिस. अर्जात कारण लिहिलं होतं: भाचा वारला.

भाचा वीस वर्षांचा. गावाकडे फिटरचा आयटीआय केला आणि मामा चेन्नईत आहे म्हणून इकडे आला. ओरगडमच्या औद्योगिक पट्ट्यात एका कारखान्यात ‘शिका आणि कमवा’ योजनेत लागला. सहा दिवस कारखान्यात काम, रविवारी डिप्लोमाचे वर्ग, महिन्याला स्टायपेंड. ही जागा मिळावी म्हणून ओळखीच्या एका माणसाला फोन मीच केला होता. दोन गोष्टी विचारल्या: स्टायपेंड किती आणि राहायची सोय काय. काम काय देणार, कोणाच्या नजरेखाली देणार, हे विचारायचं मला सुचलं नाही.

शेड गळत होती. कोणीतरी सांगितलं, वर चढून बघ. सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली फुटला आणि पोरगा तीस फूट खाली काँक्रीटवर आला. कमरेला पट्टा नव्हता, खाली जाळी नव्हती, पत्र्यावर टाकायला साधी फळी नव्हती. फिटरचं काम शिकायला आलेल्या मुलाला छपरावर कोणी पाठवलं, हे आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी हवालदाराबरोबर गेलो. कारखान्याचा एचआरवाला नम्र होता. म्हणाला, “तो कामगार नव्हता, साहेब. ट्रेनी होता. आमच्या मस्टरवर नाही, एजन्सीच्या आहे.” एजन्सीवाला म्हणाला, “आम्ही फक्त मुलं पुरवतो. तो विद्यार्थी आहे, संस्थेला विचारा.” संस्थेच्या प्राचार्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. त्यावर मुलाची सही होती, त्याच्या वडिलांची सही होती, आणि सहीच्या वर इंग्रजीत छापलं होतं की प्रशिक्षणाच्या काळात अपघात झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. वडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर फिरणारे. त्यांनी ते काय वाचलं असेल?

परत येताना जीपमध्ये हवालदार बराच वेळ गप्प होता. तांबरम मागे पडल्यावर म्हणाला, “साहेब, चूक माझीच. मीच त्याला इथं बोलावलं.”

तीन ऑफिसं फिरलो आणि जबाबदारी घेतली ती मामाने. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर मी कायदा वाचला, माणसांशी बोललो, आणि आज जे वाटतं ते स्पष्ट लिहितो आहे.

आधी तो फॉर्म. तो कागद फाडून टाकण्याच्या लायकीचा आहे, आणि हे माझं मत नाही, कायदाच तसं म्हणतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल असतो. त्याच कायद्याचं कलम १२ सांगतं की काम ठेकेदारामार्फत करून घेतलं तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते. मालकाने ती ठेकेदाराकडून नंतर वसूल करावी, तो त्यांचा आपसातला हिशोब. म्हणजे ‘आमच्या मस्टरवर नाही’ या वाक्याला जवळपास शंभर वर्षांपूर्वीच उत्तर देऊन ठेवलेलं आहे. तरीही फॉर्म छापले जातात, कारण ते कोर्टात टिकण्यासाठी नसतातच. बाप कोर्टापर्यंत पोचू नये, एवढंच त्यांचं काम.

आता दुसरी पळवाट. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम १८ सांगतं, की अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. एचआरवाल्यांना हे कलम पाठ असतं. पण त्याच कायद्याचं कलम १४ सांगतं की कारखान्यातल्या अप्रेंटिसला आरोग्य आणि सुरक्षिततेचे फॅक्टरी ॲक्टचे नियम कामगारासारखेच लागू आहेत, आणि कलम १६ सांगतं की प्रशिक्षणात इजा झाली तर भरपाई मालकाने द्यायची. ही दोन कलमं कोणाला पाठ नसतात. आमचा मुलगा तर धड अप्रेंटिसही नव्हता. त्याचा करार कुठेच नोंदलेला नव्हता, त्याच्याकडे एजन्सीचं एक ओळखपत्र होतं आणि त्यावर ‘ट्रेनी’ एवढंच लिहिलेलं होतं.

भरपाईचा हिशोबही बघा. १९२३ च्या कायद्यात मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणत. वीस वर्षं वयाला तो आकडा २२४ होता, आणि २०२० पासून वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरलं जात होतं. त्या वेतनाचा कामगार गेला तर १६ लाख ८० हजार. शेजारच्या मशीनवरचा ८,००० स्टायपेंडचा पोरगा गेला तर ८ लाख ९६ हजार. पत्रा तोच, उंची तीच. शिकायला आला म्हणून जीव निम्म्या भावाचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, पण त्यांतही ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येतून अप्रेंटिस कायद्याखालची मुलं बाहेरच ठेवलेली आहेत.

ही एका कारखान्याची गोष्ट असती तर मी लिहिलं नसतं. याच तामिळनाडूत, विरुधुनगर जिल्ह्यात सात्तूरजवळ अचंकुळम इथे १२ फेब्रुवारी २०२१ ला फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट झाला. वीसहून अधिक माणसं गेली. त्यांत फीचे पैसे जमवायला कामाला जाणारी कॉलेजची एक मुलगी होती. चौकशीत निघालं की परवाना एकाचा आणि शेड भलत्यांनाच भाड्याने दिलेल्या. स्फोटकांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, फटाके विकले जातात देशभर, आणि मधल्या साखळीत प्रत्येकाकडे दुसऱ्याचं नाव असलेला एक कागद असतो.

आणि आपल्या घराजवळ या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट झाला, किमान आठ जण गेले. त्यांत वीस वर्षांचा एक अप्रेंटिस होता. चौकशीबद्दल सेवेतल्या माणसाने बोलू नये, मी बोलणार नाही. पण अशा निर्माण्यांतून निघालेली स्फोटकं शेवटी फौजेच्याच दारूगोळ्यात जातात, ती आम्ही वापरतो. त्या पोराचं आम्ही काही देणं लागतो की नाही, हा प्रश्न मला कोणी विचारू नका म्हणून सुटत नाही.

मग जबाबदारी घेणं कसं दिसतं? अमेरिकेत नोत्र दाम नावाचं विद्यापीठ आहे, फुटबॉलसाठी प्रसिद्ध. २७ ऑक्टोबर २०१० ला तिथे मैदानावर सराव चालू होता. त्याचं चित्रीकरण करायला वीस वर्षांचा एक विद्यार्थी, विद्यापीठाचाच अर्धवेळ नोकर, यांत्रिक शिडीवर सुमारे चाळीस फूट उंच उभा होता. वाऱ्याचा झोत ताशी ८५ किलोमीटरपर्यंत गेला आणि शिडी कोसळली. त्या मुलाने वाऱ्याची भीती वाटते असं ट्विटरवर लिहिलंही होतं. दहा दिवसांच्या आत विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सर्वांना पत्र लिहिलं: मुलगा आमच्या भरवशावर होता, आम्ही त्याला सांभाळू शकलो नाही, आणि अंतिम जबाबदारी अध्यक्ष म्हणून माझी आहे. राज्याच्या सुरक्षा खात्याने ७७,५०० डॉलरचा दंड प्रस्तावित केला. शिड्या गेल्या, दुरून चालवायचे कॅमेरे आले.

मी त्यांची आरती ओवाळत नाही. तिथल्या अहवालानेही कोणा एका माणसावर बोट ठेवलं नाही, आणि सगळे जबाबदार म्हणजे कोणीच नाही, हा धोका तिथेही आहेच. पण पहिलं वाक्य कोणाचं होतं बघा. सर्वात वरच्या माणसाचं. आमच्याकडे पहिलं वाक्य एचआरवाल्याचं होतं आणि शेवटचं मामाचं.

फौजेत आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की अधिकार खाली वाटता येतो, जबाबदारी वाटता येत नाही. फायरिंग रेंजवर कोणीही, अगदी नवा रिक्रूटसुद्धा, ‘स्टॉप’ ओरडला तर फायर थांबतं. पण आपलं घर स्वच्छ असल्याचा आव मी आणणार नाही. मी खडकवासल्याचा, आणि सध्या राहतो त्या चेन्नईत परंगीमलैला ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी आहे. अशा अकॅडमीत प्रशिक्षणात जायबंदी झालेला कॅडेट घरी जातो तेव्हा तो अधिकारी नसतो, माजी सैनिक नसतो, म्हणून त्याला अधिकाऱ्याचं अपंगत्व निवृत्तिवेतन नाही, सानुग्रह रक्कम मिळते. १९८५ पासून असे सुमारे ५०० जण घरी गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांना माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत घेतलं गेलं. चाळीस वर्षं! ‘तो अजून कमिशन झाला नव्हता’ आणि ‘तो कामगार नव्हता’ या दोन वाक्यांत मला तरी फरक दिसत नाही.

आता नेहमीचे दोन आक्षेप. पहिला: मुलगा स्वतःच चढला, वीस वर्षांचा होता, त्याला अक्कल नव्हती का? अक्कल होती, ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती. हजेरीवर, सर्टिफिकेटवर आणि स्टायपेंडवर सही करणारा माणूस ‘चढ’ म्हणतो, तेव्हा परगावचा पोरगा चढतो. म्हणून माझं उत्तर सरळ आहे. जबाबदारी त्याची, ज्याला ‘थांब’ म्हणता येत होतं आणि जो म्हणाला नाही. सुपरवायझर, त्याच्यावर मॅनेजर, त्याच्यावर फॅक्टरी ॲक्टमधला ‘ऑक्युपायर’, जो कंपनीच्या बाबतीत संचालकच असतो. मुलांना पाठवून नंतर तिथे पाऊलही न टाकणारी संस्था त्याच रांगेत. शिकाऊ आहे म्हणून ही जबाबदारी कमी होत नाही, वाढते. ज्याला धोका ओळखता येत नाही त्यालाच तर शिकाऊ म्हणतात.

दुसरा आक्षेप: इतकं आवळलं तर गरिबाच्या मुलांना कोणी घेणारच नाही. महाराष्ट्राने तरी हे म्हणू नये. कमवा आणि शिका ही आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांची शिकवण. माझे वडील रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. तिथल्या मुलांनी शेतात राबून, दगड फोडून शिक्षण घेतलं. पण लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. कष्ट करून घेणारं घर त्या मुलाचं पालकही होतं. आज आपण नाव तेच ठेवलं आणि पालकपण एका फॉर्मने काढून टाकलं.

आणि हे वाचणाऱ्या माजी सैनिक बंधूंनो, शेवटचं तुमच्यासाठी. तुमच्यातले कितीतरी जण आज चाकण, बुटीबोरी, वाळूज, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत ॲडमिन मॅनेजर आहेत, सिक्युरिटी ऑफिसर आहेत, कोणी कॉलेजात रजिस्ट्रार आहे. ‘ट्रेनी’ची फाईल तुमच्या टेबलावरून जाते. जबाबदारी नाकारणारा तो फॉर्म तुमच्या कपाटात असेल तर काढून टाका. शिकाऊ मुलगा कोणाच्या नजरेखाली काम करतो, त्या माणसाचं नाव रोज सकाळी कागदावर घ्या. त्याचा करार नोंदला आहे का ते बघा. आणि ज्या कामाला तो आलेला नाही त्या कामावर त्याला कोणी पाठवत असेल, तर रेंजवर ओरडायचात तसे ओरडा.

कारखान्याने ‘माणुसकीच्या नात्याने’ काही रक्कम देऊ केली होती, पावतीवर सही घेऊन. हवालदाराच्या मेहुण्याने ती घेतली नाही. आम्ही भरपाईचा दावा लावला आहे, मूळ मालकावर. तारखा पडतात. मागच्या तारखेला मीही गेलो होतो. ती जागा कोणाच्या ओळखीने मिळाली, असं वकिलांनी विचारलं, तेव्हा हवालदार पुन्हा ‘माझ्या’ म्हणायला लागला. मी त्याला थांबवलं आणि माझं नाव लिहायला सांगितलं.

जय हिंद.