जातं फिरलं, मग ओवी आली



सिनेमा सुरू होण्यापूर्वी फिल्म्स डिव्हिजनचा माहितीपट दाखवीत, तो आठवतो ना? इथे स्वारगेटला लक्ष्मीनारायण टॉकीजमध्ये आम्ही जायचो, तेव्हा तो संपेपर्यंत निम्मे प्रेक्षक बाहेर चहा पीत असायचे. मला मात्र ते पाहायला आवडे. कुठे विणकर, कुठे कुंभार, कुठे धान्य पाखडणाऱ्या बायका. एकच गोष्ट खटकायची. पडद्यावर हात चालायचे बाईचे, आणि बोलायचे मात्र कुणी भारदस्त आवाजाचे गृहस्थ! तिला काय वाटतं, ते तिला कुणी विचारतच नसे.

हे आठवायला कारण झाली माझी मुलगी. गेल्या उन्हाळ्यात ती मोबाइल घेऊन सासूबाईंजवळ बसली. "आजी, हे बघ." मी डोकावले, तर मुळशी तालुक्यातल्या बायका ओव्या गात होत्या, अगदी आपल्या घरात बसल्यासारख्या!

या ओव्यांमागे केवढं काम आहे! पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकापासून सहकाऱ्यांना बरोबर घेऊन खेड्यापाड्यांतून ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावं आणि लाखावर ओव्या! पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. गी २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पण काम थांबलं नाही. २०१७पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हा संग्रह लोकांपुढे आणत आहे, आणि त्यासाठी गावोगावी पुन्हा जाऊन चित्रणही केलं गेलं.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. माहेर-सासर दोन्ही भोर तालुक्यातलं. बघता बघता म्हणाल्या, "यात काय मोठंसं? मला याच्या दुप्पट यायच्या." झालं! आम्ही त्यांना खुर्चीत बसवलं, मोबाइल समोर धरला आणि म्हटलं, "म्हणा." दोन ओव्या झाल्या आणि त्या अडखळल्या. चिडून म्हणाल्या, "हातात खुंटा नाही, तर ओवी कुठून येणार?"

मग आम्ही स्वारगेटहून एस.टी. धरून गावी गेलो. घरचं जातं परसात पडलेलं, लग्नात हळद दळण्यापुरतं कुणी त्याची आठवण काढायचं. ते धुऊन मांडलं. समोर धाकट्या जाऊबाई बसल्या. घास टाकला, घरघर सुरू झाली. थोडा वेळ नुसतं पीठच पडत होतं. मग ओवी आली. एकीमागून दुसरी, माहेरची, भावाची, विठ्ठलाची. फेऱ्याबरोबर ओळ वळत होती. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, हे जणू जातंच सांगत होतं.

आणि मग एक ओवी आली चार महिन्यांच्या लेकीची.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आपल्याला एक थोरली बहीण होती, हे आमच्या यांना वयाच्या साठाव्या वर्षी कळलं! सासूबाईंनी मान वर केली नाही. जातंही थांबलं नाही.

गिरणी आली म्हणून कुठल्या बाईला वाईट वाटलं असेल? पहाटेचे ते कष्ट कुणालाही परत नकोत. पण त्या कष्टांबरोबर मन मोकळं करायची जागाही गेली, हे मला त्या दिवशी समजलं.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "बाकीचं सगळ्यांना दाखव. तेवढं मात्र नको. ते मी जात्याला सांगितलं होतं, लोकांना नाही." आम्ही तो तुकडा वेगळा काढून ठेवला.

उत्तर आफ्रिकेत अल्जीरियाच्या डोंगरी मुलखात बर्बर लोक राहतात. तिथल्या बायकाही काम करता करता गायच्या. फातमा अमरूश नावाच्या बाईची गाणी तिच्या मुलाने, जाँ अमरूश यांनी, १९३९ साली फ्रेंचमध्ये छापली आणि मुलगी ताओस हिने पुढे ती रंगमंचावर गायली. मुलांनी आईचं गाणं मोलाचं मानलं, म्हणून ते उरलं. आपल्यालाही घरापासूनच सुरुवात करता येईल. त्यासाठी अनुभवाने शिकलेल्या या चार गोष्टी:

• 'गा' म्हणू नका, हाताला काम द्या. जातं नसेल तर पाळणा, गोधडी, शेवयांचा पाट, काहीही चालेल.

• मोबाइल हातात धरू नका. डब्याला टेकवून आडवा ठेवा. चेहरा आणि हात दोन्ही दिसायला हवेत. पंखा, टी.व्ही. बंद करा.

• मध्ये बोलू नका. त्या गप्प झाल्या तरी चित्रण चालू ठेवा. आमच्याकडे ती ओवी अशाच एका गप्प वेळेनंतर आली.

• शेवटी नाव, माहेर, सासर आणि तारीख त्यांच्याच तोंडून घ्या. एक प्रत दुसरीकडे ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्यांना ते दाखवा. काय ठेवायचं, काय कुणाला दाखवायचं, हे त्या ठरवतील. मोबाइल आपला असला तरी आयुष्य त्यांचं आहे.

पुण्याला परतलो त्या रात्री सासूबाईंनी मला हळूच हाक मारली. "तेवढं लाव गं जरा." लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, "अजून एकदा."