नेतृत्वाचे धडे कोणी द्यावेत?

स्त्रियांच्या संस्थांत नेतृत्व घडवावयाचे म्हणजे राजधानीतून तज्ज्ञ आणून शिबिर भरवावयाचे, ही समजूत मुळातच चुकीची आहे. १९५९ साली गिरगावात ७ गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास प्रारंभ केला. त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. तेलंगणात झहीराबादच्या परिसरातील दलित स्त्रियांच्या संघांनी भरडधान्यांचे बियाणे जपले. त्यांच्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीस २०१९ साली इक्वेटर पारितोषिक लाभले. या स्त्रियांची पुढारपणाची शाळा कामातच होती.

तज्ज्ञ नकोच, असे आमचे म्हणणे नाही. हिशेब आणि कायदा त्याने अवश्य शिकवावा. परंतु धान्यकोश का बुडाला, भोजनगृह का बंद पडले, हे अनुदान देणाऱ्यासमोर कोण सांगेल? तेथे केवळ यशाचे अहवाल वाचले जातात. अपयशाची कबुली बरोबरीच्या सखीपाशीच दिली जाते आणि खरे शिक्षण तेथूनच सुरू होते.

म्हणून परप्रांती अधिकारपदावर असलेल्या वाचकांस विनंती अशी की, अशा मेळाव्याचे अध्यक्षपद चालून आल्यास ते नाकारावे. या भगिनींचा एकमेकींच्या गावी जाण्याचा प्रवासखर्च तेवढा मंजूर करावा, आणि त्या बोलू लागल्या की आपण उठून बाहेर यावे.